पट्टी इथे, आवाज तिथे : मिडी कीबोर्डची जोडणी

मिडी कीबोर्ड पहिल्यांदा घरी आणणाऱ्याची फसगत जवळजवळ ठरलेली असते. खोकं उघडलं, यूएसबी केबल लॅपटॉपला लावली, दिवे लागले, हौसेने पट्टी दाबली, आणि काहीच वाजलं नाही. उलटसुलट करून पाहिलं तर स्पीकर कुठेच नाही, हेडफोन लावायला जागा नाही. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला की काय, अशी शंका येते. माल चोख असतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये चित्र नसतं, तसा मिडी कंट्रोलरमध्ये सूर नसतो. तो फक्त हुकूम सोडतो. वाजवण्याचं काम संगणकातलं सॉफ्टवेअर करतं.

पट्टी दाबल्यापासून कानावर सूर पडेपर्यंत पाच टप्पे लागतात. पहिला कीबोर्ड. दुसरी केबल आणि संगणकाचा पोर्ट. तिसरा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला ट्रॅक. चौथं त्या ट्रॅकवर बसवलेलं आभासी वाद्य. पाचवा आवाज बाहेर काढणारा ड्रायव्हर आणि त्याला जोडलेले हेडफोन किंवा स्पीकर. यातला एक जरी सुटला तरी परिणाम सारखाच दिसतो : शांतता. म्हणून हे टप्पे क्रमाने समजून घेणं, हीच या जोडणीची खरी गुरुकिल्ली आहे.

तीन आकडे

कीबोर्डच्या मधोमध असलेला ‘सी’, म्हणजे पेटीवाल्यांच्या बोलीत पांढरी एक, दाबून पाहू. पट्टीखाली एकापुढे एक असे दोन स्पर्शबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी पहिला जुळतो, मग दुसरा. या दोघांमध्ये किती वेळ गेला, हे कीबोर्डमधली चिप मोजते. वेळ कमी म्हणजे पट्टी जोरात मारली. वेळ जास्त म्हणजे हळुवार दाबली. दाब किती पडला हे इथे मोजलं जात नाही, वेग मोजला जातो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये या मापाला ‘व्हेलॉसिटी’ असं नाव दिसतं.

मग कीबोर्ड संगणकाकडे तीन आकडे पाठवतो. समजा ते १४४, ६० आणि ८० आहेत. १४४ म्हणजे पहिल्या चॅनलवर सूर सुरू करा. ६० हा पट्टीचा क्रमांक. मधला सी नेहमी ६० असतो आणि त्याच्या वरचा, ४४० हर्ट्झचा ‘ए’ ६९. ८० ही व्हेलॉसिटी. बोट उचललं की १२८, ६० आणि आणखी एक आकडा जातो : त्याच चॅनलवरचा तोच सूर थांबवा. बरेच कीबोर्ड १२८ न पाठवता पुन्हा १४४, ६० आणि ० असं पाठवतात. शून्य व्हेलॉसिटीचा अर्थही ‘थांबा’ असाच घेतला जातो.

या आकड्यांत काय नाही, तेही पाहा. हा सूर पेटीचा की पियानोचा, याचा पत्ता नाही. सूर किती वेळ वाजणार, हेही लिहिलेलं नाही; सुरू आणि बंद या दोन संदेशांमधलं अंतर हीच त्याची लांबी. म्हणूनच वाजवताना केबल निसटली आणि बंदचा संदेश पोचला नाही, तर सूर लागला तो लागलाच राहतो. अशा वेळी घाबरून संगणक बंद करायची गरज नसते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सगळे सूर एकदम थांबवणारी ‘पॅनिक’ सोय असते.

पट्ट्यांचे क्रमांक आणि व्हेलॉसिटी ० ते १२७ याच पल्ल्यात असतात, कारण त्यांच्यासाठी सात बिट राखलेले आहेत. चॅनल १६. कीबोर्डवरची गोल बटणं, पट्टे आणि पेडलही आकडेच पाठवतात. मॉड्युलेशनच्या चाकाचा क्रमांक १, आवाजाचा ७, एक्स्प्रेशनचा ११, सस्टेन पेडलचा ६४. एवढे चार लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम भागतं.

दोन कंपन्यांची एक भाषा

ही आकड्यांची भाषा सगळीकडे सारखीच असेल, असं आज आपण गृहीत धरतो. १९८० च्या सुमारास तसं नव्हतं. एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलेल याची खात्री नसायची. जपानच्या रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी समान भाषेचा आग्रह धरला. अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी चेट वुड या सहकाऱ्याबरोबर १९८१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे तसा आराखडा मांडला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात अनाहाइम इथे वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसराही वाजत होता. त्याच वर्षी ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’, थोडक्यात मिडी, या प्रमाणाची पहिली आवृत्ती छापली गेली. ती वापरायला कोणालाही स्वामित्वधन द्यावं लागलं नाही. याच कामासाठी २०१३ मध्ये स्मिथ आणि काकेहाशी यांना टेक्निकल ग्रॅमी मिळाला.

त्या काळी जोडणी पाच पिनांच्या गोल केबलने व्हायची आणि वेग होता सेकंदाला ३१,२५० बिट. तीन आकड्यांच्या संदेशाला त्यावरून जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. आज तेच आकडे यूएसबीवरून जातात, पण भाषा जुनीच आहे. २०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं. त्यात व्हेलॉसिटीच्या १२८ पायऱ्यांच्या जागी ६५,५३६ पायऱ्या आहेत. मात्र बाजारात मिळणाऱ्या साध्या कंट्रोलरसाठी १९८३ चं प्रमाण आजही पुरेसं आहे.

किती पट्ट्या, कोणती केबल

कंट्रोलर २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे मिळतात. २५ पट्ट्या म्हणजे दोन सप्तकं. प्रवासात चाल सुचली तर टिपून ठेवायला ठीक. पण दोन्ही हातांनी वाजवणाऱ्याला त्या अपुऱ्या पडतात. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात. त्यामुळे पेटीवर हात बसलेल्याला ४९ पट्ट्यांवर अडचण येत नाही. पियानो शिकायचा असेल तर ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा कीबोर्ड लागतो. तो महागही असतो आणि उचलायला जडही.

विकत घेण्याआधी घरातल्या जुन्या कॅसिओ किंवा यामाहा कीबोर्डची पाठ एकदा तपासा. त्याला चौकोनी यूएसबी पोर्ट असेल, तर तोच कंट्रोलर म्हणून चालेल. फक्त एक गोष्ट करावी लागते. अशा कीबोर्डला स्वतःचाही आवाज असतो, त्यामुळे एक पट्टी दाबली की दोन आवाज येतात : एक कीबोर्डचा, एक संगणकाचा. सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद केलं की कीबोर्ड स्वतः गप्प बसतो आणि फक्त आकडे पाठवतो. ही सोय नसेल तर त्याचा आवाज शून्यावर आणा. आकड्यांवर त्याचा परिणाम होत नाही.

चौकोनी पोर्टसाठी प्रिंटरला लागते तीच केबल लागते. लहान कंट्रोलरना मोबाइलसारखी केबल लागते आणि इथेच पुष्कळ जण अडकतात. चार्जरबरोबर आलेल्या काही केबलमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात. कीबोर्डचे दिवे लागतात, पण संगणकाला त्याचा पत्ताच लागत नाही. शंका आली तर त्या केबलने मोबाइल संगणकाला जोडून त्यातले फोटो दिसतात का पाहा. दिसले नाहीत तर दोष केबलचा असण्याची शक्यता मोठी.

आजचे बहुतेक कंट्रोलर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. जोडल्यावर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या ध्वनीविषयक यादीत आणि मॅकमध्ये ‘ऑडिओ मिडी सेटअप’ या प्रोग्रॅममध्ये कीबोर्डचं नाव दिसायला हवं. नाव दिसलं म्हणजे पहिले दोन टप्पे पार पडले. नाव दिसत नसताना पुढची सेटिंगं उकरत बसण्यात अर्थ नाही. कीबोर्ड यूएसबी हबमधून जोडला असेल तर तो थेट लॅपटॉपला लावा. वेगळा वीजपुरवठा नसलेल्या हबवर तीनचार उपकरणं असली की कीबोर्डला पुरेशी वीज मिळत नाही.

ट्रॅक आणि वाद्य

आता रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकट मिळतं. त्यात सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंटचा नवा ट्रॅक घेतला की कीबोर्ड बहुतेक वेळा लगेच वाजू लागतो. बऱ्याच कंट्रोलरबरोबर एखाद्या सॉफ्टवेअरची छोटी आवृत्तीही येते. इथे उदाहरणासाठी रीपर घेऊ, कारण ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, साठ दिवस पारखून पाहता येतं आणि त्यात प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर उघडा दिसतो.

रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडी उपकरणांची यादी असते. तिथे कीबोर्डच्या नावासमोर इनपुट चालू आहे ना, ते आधी पाहायचं. मग नवा ट्रॅक घ्यायचा. त्यावरचं लाल गोल बटण दाबलं की ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी सज्ज होतो. ट्रॅकच्या इनपुटमध्ये बहुधा माइकची वाट उघडी असते. ती बदलून मिडी निवडायचं, सगळी उपकरणं आणि सगळे चॅनल ठेवायचे. मॉनिटरिंग चालू करायचं. आता पट्टी दाबली की ट्रॅकवरचा मीटर हलतो.

मीटर हलला, पण आवाज नाही? बरोबर आहे. आकडे पोचले, वाजवणारं कोणी नाही. ट्रॅकच्या ‘एफएक्स’ बटणावर जाऊन वाद्य बसवायचं. रीपरमध्ये रीसिंथ नावाचा साधा सिंथेसायझर आधीच असतो. त्याचा आवाज कोणाला आवडेल असा नाही, पण जोडणी तपासायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. तो वाजला की मग सर्ज एक्सटी किंवा व्हायटलसारखे फुकट मिळणारे सिंथेसायझर आणि पियानो, पेटी, तंतुवाद्यांचे नमुने असलेली प्लगइन बसवता येतात. आधी मोठं प्लगइन आणि मग जोडणी, असा उलटा प्रवास केला की दोष नक्की कुठे आहे ते कळत नाही.

विंडोजवर आणखी एक खोड आहे. पुष्कळ कंट्रोलरचा मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. मागे दुसरं सॉफ्टवेअर उघडं राहिलं असेल, तर रीपरला कीबोर्डचं नाव दिसतं, पण आकडे मिळत नाहीत. दुसरं बंद करा आणि पुन्हा पाहा.

उशिरा येणारा सूर

आवाज येऊ लागला, पण पट्टी दाबल्यानंतर किंचित उशिरा येतो, ही पुढची तक्रार. याला लेटन्सी म्हणतात. दोष कीबोर्डवर ढकलला जातो. पण त्याचे आकडे मिलिसेकंदात पोचलेले असतात, हे वर पाहिलंच. उशीर होतो तो पाचव्या टप्प्यात.

संगणक आवाजाचे नमुने एकेक करून बाहेर सोडत नाही. तो त्यांची एक तुकडी भरतो आणि मग सोडतो. तुकडीचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने १,०२४ नमुन्यांचा बफर भरायला २३ मिलिसेकंद लागतात, २५६ ला सुमारे ६ आणि १२८ ला ३. शिवाय ड्रायव्हर आपली भर घालतोच. एकूण उशीर दहा मिलिसेकंदांच्या आत ठेवला तर बहुतेकांच्या हाताला तो जाणवत नाही. हवेतून आवाज तेवढ्या वेळात जेमतेम साडेतीन मीटर जातो, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या स्पीकरइतकाच हा उशीर.

म्हणून वाजवताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा. आवाज फाटू लागला, मध्येच कडकड ऐकू आली, तर समजा की तुकडी वेळेत भरून होत नाही. एक पायरी वर जा. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग सुरू झालं की बफर १,०२४ केला तरी चालतो, कारण तेव्हा बोटांना काही कळायचं नसतं.

विंडोजवर नुसता बफर कमी करून भागत नाही. त्याचा नेहमीचा ध्वनिमार्ग सिनेमा-गाण्यांसाठी ठीक आहे, वाजवण्यासाठी नाही. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेला ‘एएसआयओ’ हा थेट मार्ग इथे कामी येतो. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका. नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर आहे. तो साउंड कार्ड स्वतःच्या ताब्यात घेतो, त्यामुळे त्याच वेळी यूट्यूबचा आवाज बंद पडला तर दचकू नका. मॅकवर ही कसरत करावी लागत नाही.

आणि ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. त्यांचा उशीर सहसा शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो. गाणी ऐकताना तो कळत नाही, पण त्यावर ठेक्यात वाजवणं अशक्य होतं. तारेचे स्वस्त हेडफोनही इथे महाग ब्लूटूथपेक्षा बरे.

पेटीचा हात आणि मिडी

महाराष्ट्रात कीबोर्डकडे वळणारे पुष्कळ जण पेटीवरून येतात. त्यांना दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात आणि दोन गोष्टी बोनस मिळतात.

पेटीत पट्टी कशीही दाबा, आवाजाचा जोर भाता ठरवतो. कंट्रोलरवर बोटाचा वेग जोर ठरवतो. त्यामुळे पेटीवाल्याच्या हातून सुरुवातीला एक सूर ओरडतो, पुढचा दबतो. पेटीचा नमुना वाजवत असाल तर कीबोर्डवर व्हेलॉसिटी एकाच आकड्यावर बांधून टाका आणि भात्याचं काम ११ क्रमांकाच्या एक्स्प्रेशनकडे द्या. ते मॉड्युलेशनच्या चाकाला किंवा पायाच्या पेडलला जोडता येतं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा चाकावर. भाता मारणाऱ्या हाताला ही वाटणी ओळखीचीच वाटते.

दुसरी गोष्ट गायकाच्या पट्टीची. गायिकेची पट्टी काळी चार आणि तुम्हाला पांढरी एकपासून वाजवायची सवय, तर ट्रान्सपोज ८ वर किंवा उणे ४ वर न्या. आता ६० क्रमांकाची पट्टी दाबली की ६८ किंवा ५६ जातो. मात्र ट्रान्सपोज एकाच ठिकाणी करा. कीबोर्डवरही केलं आणि सॉफ्टवेअरमध्येही केलं, की सूर कुठल्या कुठे जातो.

आता बोनस. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला मज्जाव केला होता. तिच्यावर मींड येत नाही आणि तिचे बांधीव सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे त्यामागचे जुने आक्षेप. कंट्रोलरवर या दोन्हींना उपाय आहे.

मींडेसाठी डावीकडचं पिच बेंड चाक. त्याचे १६,३८४ टप्पे असतात, त्यामुळे सूर पायऱ्यापायऱ्यांनी न जाता सरकत जातो. बहुतेक वाद्यांत त्याचा पल्ला दोन अर्धस्वर असतो, म्हणजे मध्यमावरून पंचमापर्यंत. षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंत जायचं तर पल्ला चार करावा लागतो आणि तो कीबोर्डमध्ये नाही, आभासी वाद्यात बदलायचा असतो. चाक फिरवलं की त्या चॅनलवरचे सगळे सूर एकत्र वाकतात. म्हणून तंबोरा नेहमी वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, नाहीतर मींडेबरोबर षड्जही घसरेल. प्रत्येक सुराला स्वतंत्र वाकवणारी एमपीई ही पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली आहे, पण तिच्यासाठी कंट्रोलरही तसाच लागतो.

श्रुतींचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे. मिडीचा क्रमांक कोणती पट्टी एवढंच सांगतो. तिची कंपनसंख्या वाद्य ठरवतं. अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. नेहमीच्या बांधणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक तंबोरा चालू असताना तयार कानाला खटकतो. २२ श्रुतींची हार्मोनियम घडवून डॉ. विद्याधर ओक यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष पेटीत हाताळला. सर्ज एक्सटीसारख्या सिंथेसायझरमध्ये तो एका फाइलचा आहे : स्काला नावाच्या स्वरूपातली फाइल भरली की बाराही सूर हव्या त्या जागी बसतात. फाइल लावताना षड्ज कोणत्या पट्टीवर आहे ते मात्र नीट सांगा, नाहीतर सगळेच सूर चुकीच्या जागी पक्के होतात.

शांतता पसरली तर

काहीच वाजेनासं झालं की सेटिंगं भराभर बदलत सुटू नका. क्रम धरा. कीबोर्डचं नाव संगणकाला दिसतं का? नसेल तर केबल आणि पोर्ट. ट्रॅकचा मीटर हलतो का? नसेल तर सॉफ्टवेअरमधलं इनपुट किंवा मागे उघडा राहिलेला दुसरा प्रोग्रॅम. मीटर हलतो, पण आवाज नाही? ट्रॅकवर वाद्य आहे का आणि त्याचा पल्ला त्या पट्टीपर्यंत जातो का, ते पाहा. ऑक्टेव्हचं बटण चुकून दाबलं गेलं असेल तर पट्ट्या वाद्याच्या पल्ल्याबाहेर गेलेल्या असतात. वाद्यही आहे? मग आवाज चुकीच्या स्पीकरकडे जातोय. आणि सस्टेन पेडल उलटं चालत असेल, पाय उचलल्यावर सूर लांबत असेल, तर कीबोर्ड बंद करून पेडलवर पाय न ठेवता पुन्हा चालू करा. बरेच कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची दिशा ठरवून घेतात.

खर्चाचाही असाच क्रम आहे. आधी तारेचे बरे हेडफोन, मग विंडोज असेल तर चांगला एएसआयओ ड्रायव्हर असलेला छोटा ऑडिओ इंटरफेस, आणि जास्त पट्ट्यांचा, जास्त बटणांचा कीबोर्ड सगळ्यांत शेवटी. महागड्या कीबोर्डमधूनही तेच तीन आकडे जातात. सूर गोड लागतो तो वाद्याच्या नमुन्यामुळे आणि तुमच्या हातामुळे.